मामाच्या पाच एकरांचे अडीच आकडे

गेले दोन शनिवार-रविवार इथे काही लिहिलं नाही. रिलीज वगैरे काही नव्हतं, एका जुन्या फोल्डरमध्ये अडकलो होतो. घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा म्हणून त्यातल्या फायली चाळत होतो, तर 'आजोळ नकाशा' नावाचं फोल्डर सापडलं. तारीख २००९ ची. आत चार डेटा फायली, शंभरेक ओळींचा कोड आणि एक निळा-हिरवा नकाशा. तो नकाशा उघडला आणि पोटात खड्डा पडला. का, ते सांगण्यासाठीच आजचा लेख. मध्ये थोडा इतिहास येईल, थोडी भूमिती येईल. घाबरू नका, नववी-दहावीच्या पलीकडचं काही नाही.

माझं आजोळ गडचिरोली जिल्ह्यात, आष्टीजवळ, वैनगंगेच्या काठावर. (पुण्यात गडचिरोली म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, नक्षलवादी आणि आमटे. म्हणून थोडा भूगोल.) १९८२ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता. आता दोघांच्या मधून बराच अंतर वैनगंगा वाहते. आष्टीच्या थोडं खाली तिला पश्चिमेकडून वर्धा येऊन मिळते आणि तिथून पुढे नदीचं नाव होतं प्राणहिता. प्राणहिता पुढे सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. या वर्धा-वैनगंगा संगमाच्या पलीकडच्या अंगाला, आता तेलंगणात आणि तेव्हा आंध्र प्रदेशात, तुमडीहेट्टी नावाचं गाव आहे. २००८ साली आंध्र सरकारने प्राणहिता-चेवेल्ला योजनेचा नारळ फोडला. तुमडीहेट्टीला बॅरेज बांधायचं आणि १६० टीएमसी पाणी उचलून न्यायचं. बॅरेजची पूर्ण संचय पातळी १५२ मीटर.

बातमी गावात पोचली आणि मामाचा फोन आला. "बापू, तू कम्प्युटरवाला आहेस ना? आपलं वावर बुडते का नाही, तेवढं पाहून सांग."

मी नवा नवा नोकरीला लागलेलो. असा प्रश्न म्हणजे माझ्या दृष्टीने एका वीकेंडचं काम. अमेरिकेच्या एंडेव्हर यानाने ११ ते २२ फेब्रुवारी २००० या अकरा दिवसांत रडारने जवळजवळ ८० टक्के जमिनीची उंची मोजली होती आणि तो डेटा इंटरनेटवर फुकट होता. एसआरटीएम त्याचं नाव. तेव्हा भारतासाठी तो तीन सेकंदांच्या अंतराने मिळायचा (घड्याळाचे सेकंद नव्हेत, अक्षांश-रेखांशाचे), म्हणजे साधारण ९० मीटरला एक आकडा. एक अंश बाय एक अंशाची एक फाइल. तिच्यात १२०१ ओळी, प्रत्येक ओळीत १२०१ आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे त्या ठिकाणची समुद्रसपाटीपासूनची उंची, पूर्ण मीटरमध्ये. जिथे रडारला काही कळलं नाही तिथे उणे ३२७६८. बस, एवढंच. माझ्यासारख्याला याहून सोपं काय हवं?

एक गंमत मात्र झाली. मला आसपासचा सगळा मुलूख एकत्र हवा होता, आणि त्यासाठी एक नाही, चार फायली जोडाव्या लागल्या. कारण २० अंश उत्तर अक्षांश आणि ८० अंश पूर्व रेखांश यांचा छेद गडचिरोली शहराच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर येतो. चारही फायलींचे कोपरे तिथे भेटतात. पुढे कळलं की सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांमध्येही ५५, ५६, ६४ आणि ६५ क्रमांकांचे मोठे भाग नेमके त्याच बिंदूवर जुळतात. कोणताही नकाशा घ्या, आमचा जिल्हा आपला चार कागदांच्या कोपऱ्यात!

असो. चार फायली जोडल्या, एक लूप लिहिला. आकडा १५२ किंवा कमी असेल तर निळा, जास्त असेल तर हिरवा. मामाचं शेत शोधलं. पाच एकर शेत, आणि ९० मीटरच्या एका चौकटीत येतात साधारण दोन एकर. म्हणजे मामाच्या वाट्याला आले अडीच आकडे. १४९, १५१ आणि अर्धा १५३. मी फोन केला, "मामा, अर्ध्याहून जास्त जातंय."

मामा तेव्हा विहीर खोदायच्या विचारात होता. बुडणाऱ्या वावरात विहीर कोण खोदणार? त्याने बेत सोडून दिला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. २०१७ मध्ये एका लग्नात मामी सहज बोलून गेली, तेव्हा कळलं. तोपर्यंत २०१६ चा करार झाला होता, तुमडीहेट्टीची पातळी खाली आली होती आणि मामाने विहीर शेवटी खोदली होती. मधली आठ वर्षं धान निघाल्यावर वावर कोरडं पडून राहिलं. हरभरा नाही, भाजीपाला नाही. बॅरेज तर तिथे आजतागायत झालेलं नाही.

मामा मला एका शब्दाने बोलला नाही. पण त्या निळ्या रंगात काय चुकलं होतं हे मला नीट समजून घ्यायचं होतं. आणि ते समजून घेताना लक्षात आलं, की हा प्रश्न माझ्या लूपपेक्षा बराच जुना आहे.

जमीन आणि अ‍ॅरे

प्रश्न साधा आहे. जमीन सलग असते. कोणतेही दोन बिंदू घ्या, त्यांच्यामध्ये तिसरा असतोच आणि त्यालाही उंची असते. कागद असो की मेमरी, त्यात असे अनंत आकडे मावत नाहीत. मग काही आकडे ठेवायचे, बाकीचे सोडायचे आणि मधलं काय असेल याचा एक नियम ठरवायचा. हा नियम तीन प्रकारे ठरवला गेला. रेषांनी, त्रिकोणांनी आणि चौकटींनी.

आधी रेषा. शाळेत समोच्च रेषा शिकलो आपण, ज्यांना धरणावरचे लोक सरळ कंटूर म्हणतात. समान उंचीचे बिंदू जोडणारी रेष. डोंगराच्या बाबतीत या कल्पनेचा प्रसिद्ध वापर झाला तो पृथ्वीचं वजन करताना. १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलिन याने स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराशेजारी ओळंबा टांगून डोंगर त्याला किती बाजूला ओढतो ते मोजलं. त्यावरून पृथ्वीची घनता काढायची होती. पण त्यासाठी डोंगराचं आकारमान हवं. गणितज्ञ चार्ल्स हटनपुढे उंचीच्या आकड्यांचा नुसता ढीग होता. त्याने समान उंचीच्या बिंदूंमधून रेषा काढल्या आणि त्या ढिगातून डोंगर दिसायला लागला. १७७८ मध्ये त्याने उत्तर दिलं, पृथ्वी पाण्याच्या साधारण साडेचारपट जड. (आजचा आकडा साडेपाचपट. एवढ्याशा ओळंब्यावरून हे म्हणजे वाईट नाही.)

समोच्च रेषेची अडचण अशी की ती स्वतःवर खरी असते, पण दोन रेषांच्या मध्ये ती गप्प असते. आपल्या १:५०,००० च्या नकाशांवर रेषा साधारणपणे २० मीटरला असतात, सपाट मुलखात १० मीटरला. आता १५२ मीटर बघा. २० मीटरच्या रेषा धरल्या, तर १४० ची रेष आहे, १६० ची आहे आणि मध्ये कोरा कागद. मामा त्या कोऱ्या कागदात राहतो.

हिंगणघाटचा कर्नल

दुसरा प्रकार त्रिकोणांचा, आणि त्याची गोष्ट आमच्या वाटेवरच आहे. आजोळी जाताना गाडी वर्ध्यानंतर हिंगणघाटला थांबते. कित्येक वर्षं मी त्या स्टेशनवर नुसता चहा प्यायलो. या गावात विल्यम लॅम्बटनची कबर आहे हे मला फार उशिरा कळलं.

लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी साडेसात मैलांची एक सरळ रेष पोलादी साखळीने मोजली. त्याला ५७ दिवस लागले. एवढी एकच लांबी प्रत्यक्ष मोजायची. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे बघून कोन मोजायचे, की झाला त्रिकोण. एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात (आठवली ना त्रिकोणमिती?). त्या नव्या बाजूवर पुढचा त्रिकोण. असं करत करत देशभर जाळं विणायचं. साधन काय, तर अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना तो खाली आदळला आणि लॅम्बटनने तो स्वतः बसून दुरुस्त केला. वीस वर्षं हे काम केल्यावर, हैदराबादहून नागपूरला जाताना, २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटच्या मुक्कामी वारला. त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट याला त्याआधीच कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात तापाने गाठलं होतं. तो आणि त्याच्याबरोबरची बरीच माणसं आजारी पडली होती. जंगलातून मोजणी म्हणजे काय असतं हे त्यावरून कळावं.

पण मला भावलेली गोष्ट वेगळी आहे. ही माणसं शेकडो मैल त्रिकोण विणत गेल्यावर शेवटी थांबून पुन्हा एक लांबी साखळीने किंवा पट्ट्यांनी प्रत्यक्ष मोजायची. गणिताने आलेली आणि हाताने मोजलेली लांबी यांच्यात फरक किती? मध्य भारतातल्या सिरोंजपासून डेहराडूनपर्यंत असं गेल्यावर एव्हरेस्टच्या काळात हा फरक साधारण ७ इंच निघाला, तोही साडेसात मैलांत. तो आकडा त्यांनी लिहून ठेवला. आपली चूक किती आहे, हे सांगणं हाच कामाचा शेवटचा भाग होता.

लॅम्बटनचे त्रिकोण जागा पक्क्या करण्यासाठी होते, जमिनीचा चढ-उतार दाखवण्यासाठी नव्हते. ते काम त्रिकोणांकडे आलं १९७० च्या दशकात. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात टॉमस पॉयकर (तेव्हाचं आडनाव प्यूकर) आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकात जमीन साठवायची एक पद्धत बसवली. जिथे काही घडतं तिथलेच बिंदू घ्यायचे, म्हणजे शिखर, नाल्याचा तळ, उताराची कड. ते त्रिकोणांनी जोडायचे आणि प्रत्येक त्रिकोण हा सपाट पत्रा समजायचा. तिरक्या पत्र्यांचं छप्पर जसं. याला टिन म्हणतात. कोणते तीन बिंदू जोडायचे याचा नियम बोरिस दलोने या रशियन गणितज्ञाने १९३४ मध्येच देऊन ठेवला होता. तीन बिंदूंमधून जाणारं वर्तुळ काढा. आत चौथा बिंदू नसेल तरच तो त्रिकोण घ्या. त्यामुळे निमुळते, लांबुळके त्रिकोण टळतात. पद्धत सुंदर आहे. सपाट माळावर चार बिंदू पुरतात आणि भामरागडच्या डोंगरात चारशे घेता येतात. पण बिंदू कुणीतरी शहाणपणाने निवडावे लागतात. नाल्याचा तळ राहून गेला, तर नाल्यावर पत्रा पडतो आणि कागदावर पाणी पुलावरून जातं.

तिसरा प्रकार चौकटींचा. १९५८ मध्ये एमआयटीच्या चार्ल्स मिलर आणि रॉबर्ट लाफ्लाम यांनी रस्त्यांच्या आखणीसाठी जमिनीची उंची थेट संगणकाला खाऊ घालायची कल्पना मांडली. 'डिजिटल टेरेन मॉडेल' हा शब्द त्यांचाच. आपल्याला ओळखीची झाली ती त्यातली सगळ्यात सोपी जात, ठराविक अंतरावर एक आकडा, ओळीने. विचार नाही, निवड नाही. एसआरटीएम तसंच आहे आणि आपल्या कार्टोसॅट-१ (सोडला ५ मे २००५ रोजी) उपग्रहाच्या जोडछायाचित्रांवरून केलेलं कार्टोडेमही तसंच. प्रोग्रामरला हे आवडतं, कारण अ‍ॅरे आपल्या हातचा असतो. धोका असा की चौकटीत आकडा नेहमीच असतो. समोच्च रेषा निदान गप्प तरी बसते. चौकट मात्र माहीत नसलं तरी बोलते.

निळ्या रंगातल्या चुका

आता माझ्या २००९ च्या नकाशाकडे. त्यात किती गोष्टी चुकल्या होत्या ते मोजायला बसलो.

पहिली, झाडं. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल. एसआरटीएमच्या रडारची लहर ५.६ सेंटिमीटरची. ती दाट झाडोऱ्यातून सरळ जमिनीपर्यंत जात नाही, वरच्या फांद्यांमध्येच कुठेतरी परतते. मोजणी फेब्रुवारीतली, म्हणजे साग पानगळीला लागलेला, बांबू हिरवा. म्हणजे मिळालेली उंची धड जमिनीची नाही, धड शेंड्याची नाही. मामाच्या शेताच्या एका कडेला मोहाची आणि पळसाची रांग आहे. तो १५३ जमिनीचा की मोहाचा, कुणास ठाऊक.

दुसरी, खुद्द मोजणीतली चूक. एसआरटीएमच्या कर्त्यांनीच लिहून ठेवलं होतं की उंचीत १६ मीटरपर्यंत फरक असू शकतो, ९० टक्के ठिकाणी त्याहून कमी. प्रत्यक्षात डेटा याहून बराच चांगला निघाला, पण चार-सहा मीटर इकडेतिकडे हे चालायचंच. आणि मी १५१ आणि १५३ मध्ये रंग बदलत होतो! हे कागदपत्र डेटाच्या शेजारीच होतं. मी वाचलं नव्हतं.

तिसरी, 'शून्य' कुठलं? एसआरटीएमचा शून्य एका जागतिक गणिती मॉडेलचा, तर बॅरेजच्या नकाशातला सर्व्हे ऑफ इंडियाच्या समुद्रसपाटीचा. दोन्हींत थोडा फरक पडतो. जीपीएस तर मुळात तिसऱ्याच पृष्ठभागापासून मोजतं आणि आपल्याकडे तो समुद्रसपाटीच्या साठ-सत्तर मीटर वर आहे. कच्च्या जीपीएसने बघितलं तर आख्खं आष्टी पाताळात!

चौथी चूक निव्वळ माझी. पाणी यायचं तर त्याला वाट लागते. मी नुसते आकडे तपासले होते, ते नदीला जोडलेले आहेत का हे बघितलंच नव्हतं. टेकाडापलीकडची एक बोडीसुद्धा मी निळी करून टाकली होती.

पाचवी, वाहतं पाणी सपाट नसतं. पूर आला की बॅरेजच्या मागे फुगवटा चढतो आणि पाण्याची पातळी वर वर जाताना उंचावते. भामरागडला हे जवळजवळ दर पावसाळ्यात बघायला मिळतं. खाली इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी तुंबतं, पूल बुडतो आणि गाव तुटतं. '१५२ पर्यंत निळं' हे शांत तलावापुरतं खरं.

आणि सहावी, माझा डेटा फेब्रुवारी २००० चा गोठलेला. चंद्रपूरभोवतीच्या खुल्या कोळसा खाणींनी त्यानंतर कुठे खड्डे केले, कुठे मातीचे डोंगर उभे केले. नदीने काठ बदलले. जमीनसुद्धा जुनी होते, म्हणजे तिचा डेटा होतो.

चार मीटरांचं राजकारण

हे सगळं एका शेतापुरतं असतं तर ठीक होतं. पण या भागात मीटरवर माणसं उठतात-बसतात. १९८० च्या दशकात गोदावरीवरचं इचमपल्ली आणि इंद्रावतीवरचं भोपालपट्टनम या धरणांविरुद्ध इथले आदिवासी उभे राहिले. लालश्याम शाह आणि बाबा आमटे त्यांच्यासोबत होते. ती धरणं झाली नाहीत. पुढे २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी करार केले. त्यात मुख्य काय, तर तीन आकडे. तुमडीहेट्टी १४८ मीटर, मेडीगड्डा १०० मीटर, पैनगंगेवरचं चनाखा-कोरटा २१३ मीटर. तुमडीहेट्टीचे १५२ चे १४८ झाले, कारण वरच्या चार मीटरांत महाराष्ट्रातली बुडणारी जमीन होती.

ते चार मीटर पुन्हा एकदा बघा. २० मीटरच्या रेषांमध्ये १४८ आणि १५२ दोन्ही एकाच कोऱ्या पट्ट्यात. फुकटच्या उपग्रह डेटात दोन्ही एकाच चुकीच्या पोटात. म्हणजे दोन राज्यांनी ज्यावर सही केली तो फरक यातल्या कुठल्याच नकाशावर दिसत नाही. तो दिसतो फक्त माणूस लेव्हल आणि पट्टी घेऊन वावरात चालत गेला तर.

मेडीगड्ड्याचं बॅरेज सिरोंचाच्या अंगाला उभं राहिलं, २०१९ मध्ये उद्घाटन झालं. त्यानंतर सिरोंचा तालुक्यातले शेतकरी शेतं पाण्याखाली जातात म्हणून आणि मोबदल्यासाठी आंदोलन करत राहिले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच बॅरेजचे काही खांब खचले आणि त्यानंतर तुमडीहेट्टीची चर्चा पुन्हा सुरू झाली. म्हणजे मामाचा प्रश्न जुना झालेला नाही.

इथे मला धानाची बांधी आठवते. झाडीपट्टीत धान लावायला जमीन लहान लहान सपाट तुकड्यांत कापतात, प्रत्येकाला चारी बाजूंनी धुरा घालतात आणि एकातलं पाणी दुसऱ्यात उतरवतात. एका बांधीत एकच उंची. म्हणजे चौकटीच की! फक्त त्या बोटाच्या पेरापर्यंत बरोबर असतात, कारण चुकलं तर अर्धी बांधी कोरडी राहते आणि ते त्याच दिवशी कळतं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाचे जुने मालगुजारी तलावही तसेच. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले. पाळ कुठे घालायची, सांडवा किती उंचीवर ठेवायचा हे पावसाचं पाणी कुठून येतं ते बघून ठरलं. तलावाचा काठ म्हणजे तरी काय, पाण्याने स्वतः काढलेली समोच्च रेषा. मी हे गोड करून सांगत नाही. हे ज्ञान त्या त्या गावापुरतं असतं, मुंबईत करार करताना ते टेबलावर नसतं. पण त्यात एक गोष्ट आहे जी माझ्या नकाशात नव्हती. चूक झाली की ती करणाऱ्याला दिसते.

याच गोष्टीसाठी गणितातही एक माणूस आठवतो. दक्षिण आफ्रिकेतला खाण अभियंता डॅनी क्रिग. सोन्याच्या खाणीत मोजक्या भोकांतून नमुने मिळतात, मधल्या खडकात किती सोनं असेल याचा अंदाज करावा लागतो. १९५१ मध्ये त्याने आकडेशास्त्राने हा अंदाज करायची वाट काढली. पुढे फ्रान्समध्ये जॉर्ज माथेरॉनने तिचं पक्कं शास्त्र केलं आणि क्रिगचं नाव त्याला दिलं. या क्रिगिंगची खुबी अशी की ती दोन उत्तरं देते. एक अंदाज, आणि दुसरं, त्या अंदाजावर किती विश्वास ठेवायचा. हिंगणघाटच्या कर्नलच्याच वळणाचं.

गेले दोन वीकेंड मी हेच केलं. डेटा आता ३० मीटरचा मिळतो, एक चौकट साधारण नऊ आरची, म्हणजे मामाचे बावीस-तेवीस आकडे. प्रत्येक आकड्यात चार-पाच मीटरची चूक असू शकते असं धरून त्या मुलखाच्या हजार जमिनी बनवल्या. शेजारच्या आकड्यांच्या चुका एकसारख्या राहतील याची काळजी घेऊन. प्रत्येक जमिनीवर नदीपासून पाणी भरत गेलो आणि शेत कितीदा बुडतं ते मोजलं. निळ्या-हिरव्याऐवजी या वेळी राखाडी छटा. १५२ ला शेत साधारण अर्ध्या वेळा बुडतं. १४८ ला कमी, पण दुर्लक्ष करावं इतकं कमी नाही. नदीकाठची बारीक पट्टी गडद, लांबचं टेकाड पांढरं आणि मधला सगळा भाग राखाडी. म्हणजे २००९ मध्ये माझ्याकडे जे होतं त्यावरून खरं उत्तर होतं, "मामा, यावरून सांगता येत नाही, तू विहिरीचं तुझं तू ठरव." एवढंच वाक्य. ते मला सुचलं नव्हतं, कारण माझ्या कोडमध्ये दोनच रंग होते.

मागच्या रविवारी मामाला फोन करून हे सगळं सांगितलं. विहिरीचंही बोललो, पहिल्यांदाच. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तवाच असं सांगतलं असतं तं बरं झालं असतं बापू. पण जाऊ दे. दोन हजार वीसच्या पुराचं पानी कुठवरी आलं होतं ते मले ठावं आहे. मोहाच्या झाडाले खूण करून ठेवली आहे मी. तिथून मोज."

खरंच की. ऑगस्टअखेर २०२० चा वैनगंगेचा पूर. एक बिंदू, पण पाण्याने स्वतः मोजलेला. दिवाळीत जातोय. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणि एक पट्टी सोबत नेणार आहे, मोहापासून विहिरीच्या काठापर्यंत. या खेपेला आकड्याशेजारी अधिक-उणे किती, तेही मामाच्याच वहीत लिहून येईन. बरंच लांबलं आज. भेटू पुढच्या शनिवारी.